दुखतंय तर चेहऱ्यावर दिसत का नाही? कॅज्युअल्टीतून परत पाठवलेल्या एका वाचकाला उत्तर

पत्र थोडं छोटं करून देतेय:

«ताई, मी ३१ वर्षांची आहे, पुण्यात एकटी राहते, आयटीत आहे, आईबाबा लातूरला असतात. मला ऑटिझम आहे हे मोठेपणी, तीन वर्षांपूर्वी कळलं. मागच्या महिन्यात रात्री पोटात काहीतरी फार विचित्र व्हायला लागलं म्हणून रिक्षा करून एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेले. रिक्षात प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव जात होता. डॉक्टरांनी विचारलं १ ते १० मध्ये किती दुखतंय, मला ते कधीच सांगता येत नाही, बराच विचार करून मी ४ म्हणाले. ट्यूबलाइट, मशीनचे आवाज, बाजूचा पेशंट ओरडतोय, आणि दोघंतिघं एकदम प्रश्न विचारतायत, माझं बोलणंच बंद झालं. मोबाईलवर टाइप करून दाखवलं तर सिस्टर म्हणाल्या, तोंडाने बोला ना, मघाशी बोलत होता की. सोबत कोण आहे, सोबत कोण आहे, हे सारखं चालू होतं. कोणीतरी अँक्झायटी म्हणालं, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने दुसरीकडे नेलं तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं होतं. आता मी बरी आहे पण परत तिथे जायची वेळ आली तर मी जाईन का हेच मला माहीत नाही. पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं बोलू? दिव्यांग कार्ड काढू का, की त्याने अजूनच वेडी समजतील? आणि तक्रार करू का?»

अगं, पत्र वाचून मला आधी प्रचंड राग आला, तुझा नाही, जे झालं त्याचा. मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून काम केलंय त्यामुळे तिथली गर्दी, नाइट ड्युटीचा थकवा, ड्युटीवरच्या एकाच डॉक्टरच्या (सीएमओच्या) अंगावर दहा पेशंट, हे सगळं मला माहितीय आणि तरीही मी म्हणेन की तुला त्या रात्री घरी पाठवायला नको होतं. तू खरं तेच सांगितलंस. त्यांनी नीट विचारलं नाही.

आता ते असं का होतं ते सांगते, कारण ते कळलं की काय बोलायचं हे आपोआप कळेल. कॅज्युअल्टीत पेशंट आत आला की पहिल्या एकदोन मिनिटांत सगळे त्याच्याकडे बघून अंदाज बांधतात. चालतोय कसा, चेहरा कसाय, कण्हतोय का, पोट धरून बसलाय का. मग नाडी, बीपी, ऑक्सिजन, ताप. त्या चेहरा बघण्यावर आमचा फार म्हणजे फार भरवसा असतो, आणि बहुतेक पेशंटच्या बाबतीत तो बरोबरही निघतो. पण ऑटिस्टिक माणसाचं दुखणं चेहऱ्यावर त्या ठरलेल्या पद्धतीने उतरेलच असं नाही, आवाज सपाट राहतो, कोणी दुखत असताना उलट एकदम शांत बसतं, कोणी येरझाऱ्या घालतं, कोणी हसतं सुद्धा. शिवाय शरीराच्या आतून येणारे सिग्नल, म्हणजे भूक, लघवीची भावना, दुखणं, हे कुठून येतंय आणि नेमकं काय आहे ते ओळखायला बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना अवघड जातं, म्हणून तू «दुखतंय» न म्हणता «विचित्र वाटतंय» म्हणालीस. याचा अर्थ कमी दुखतं असा मुळीच नाही. तेल अवीवच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांवर केलेला अभ्यास छापला त्यात उलट त्यांना दुखणं जास्त तीव्र जाणवतं असं दिसलं, पण «यांना दुखत नाही» हा समज अजून डॉक्टरांच्यातही आहे.

आणि त्यात ऑटिझम किंवा अँक्झायटी असा शब्द एकदा केस पेपरवर आला ना, की पुढचं सगळं त्याच्याच खात्यात जमा व्हायला लागतं. पेशंट बोलत नाही, ऑटिझम. हात झटकतोय, ऑटिझम. नाडी ११०, घाबरलाय. अगं पण नाडी पोटातल्या इन्फेक्शननेही वाढते! एखादा ऑटिस्टिक मुलगा अचानक डोकं आपटायला लागला तर «हे असंच करतात» म्हणून सोडून देतात आणि नंतर दाढेत पू निघतो, कान फुटलेला निघतो, आठवडाभराचा बद्धकोष्ठ निघतो. तुझ्या अपेंडिक्सचं हेच झालं.

म्हणून तू कॅज्युअल्टीत गेल्यावर बोलण्याची जी पहिली गोष्ट आहे ती ही: आज नेहमीपेक्षा काय बदललंय. तेवढं एक डोक्यात पक्कं ठेव, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. १ ते १० च्या भानगडीत पडूच नकोस, सरळ सांग की मला आकडा सांगता येत नाही, पण काल मी जिना चढत होते आणि आज सरळ उभं राहता येत नाही. दुपारपासून काही खाल्लं नाही. पाळीच्या वेळी दुखतं त्यापेक्षा हे वेगळं आणि जास्त आहे. आधी बेंबीपाशी होतं, आता उजवीकडे खाली आलंय. किती वाजता सुरू झालं, उलटी किती वेळा, ताप मोजला तर किती. डॉक्टरला निदान करायला याच गोष्टी लागतात, ४ या आकड्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

आणि तुझा तो स्पीडब्रेकर! पत्रात तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस पण मी तिथेच थांबले. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी यावर खरंच अभ्यास केलाय, २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलाय तो, हॉस्पिटलला येताना गाडी स्पीडब्रेकरवरून गेली तेव्हा पोटात जास्त दुखलं का एवढंच विचारलं पेशंटना, आणि ज्यांना नंतर अपेंडिसायटिस निघाला अशा ३४ जणांपैकी ३३ जण हो म्हणाले होते. म्हणजे तुझ्याकडे त्या रात्री अगदी कामाची माहिती होती, कोणी रिक्षातून येताना कसं वाटलं एवढं विचारलं असतं तर ती बाहेर आली असती. तेव्हा पुढच्या वेळी असं काही जाणवलं की ते फालतू आहे, डॉक्टरला काय सांगायचं, असं ठरवून गिळून टाकू नकोस. येतायेताच मोबाईलच्या नोट्समध्ये टाकत जा, जसं सुचेल तसं, वाजलेल्या वेळेसकट.

आता बोलणं बंद होतं त्याबद्दल. ते तुझ्या हातात नाही आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. त्यासाठी एक कागद तयार ठेव, एकच पान. ब्रिटनमध्ये याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात, तिथल्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीचा तयार नमुना आहे, चांगला आहे, पण तो बराच सविस्तर आहे आणि मला आपली कॅज्युअल्टी माहितीय, तिथे पहिल्या पाचसहा ओळींच्या पलीकडे कोणी वाचणार नाही. तर वरच्या ओळी अशा हव्यात, शब्द तुझे घाल:

«मी ऑटिस्टिक आहे. मला सगळं समजतं. ताण आला की माझं बोलणं बंद होतं, तेव्हा मी टाइप करून उत्तर देते. माझ्या चेहऱ्यावरून दुखणं कळत नाही, मी लिहीन तेच खरं धरा. एका वेळी एकाच माणसाने एकच प्रश्न विचारा आणि उत्तराला थोडा वेळ द्या. हात लावण्याआधी सांगा. मी हात हलवले किंवा डोलले तर मी स्वतःला शांत करतेय, मला धरू नका.»

त्याखाली चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, आधीची ऑपरेशन्स (आता अपेंडिक्स आलंच त्यात), दोन फोन नंबर. एका बाजूला इंग्रजी आणि एका बाजूला मराठी कर, कारण डॉक्टर इंग्रजी बाजू बघतील पण स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि कपडे बदलणाऱ्या मावशी मराठी बाजू वाचतील आणि तुझ्या अंगाला सगळ्यात जास्त हात त्यांचाच लागणार आहे. फोटो मोबाईलमध्ये ठेव पण कागदही ठेवच, आधार आणि इन्शुरन्स कार्डाच्या पाऊचमध्ये, कारण बॅटरी नेमकी तेव्हाच संपते आणि ऑपरेशनला नेताना मोबाईल काढून घेतात. आणि अजून एक, तुझ्या फॅमिली डॉक्टरकडून किंवा ज्यांनी निदान केलं त्यांच्याकडून त्यावर सही शिक्का घे, जमलं तर त्यांच्या लेटरहेडवरच घे. पेशंटने स्वतः लिहिलेला कागद आणि डॉक्टरच्या लेटरहेडवरचा कागद यात कॅज्युअल्टीत जमीन अस्मानाचा फरक पडतो. असं नसायला पाहिजे पण आहे.

धरू नका ही ओळ मी मुद्दाम घातलीय. आवाज, उजेड, टोचणं हे सगळं सहन होईनासं झालं की ऑटिस्टिक पेशंट हात झटकतो, उठून पळायला बघतो, आणि मग चार जण धरतात आणि झोपेचं किंवा सायकियाट्रीचं इंजेक्शन येतं. इंग्लंडमधल्या ऑलिव्हर मॅकगोवन या मुलाचं वाचलंयस का? १८ वर्षांचा होता, ऑटिझम आणि फिट्स. अशी औषधं त्याला आधी सोसली नव्हती, त्याने स्वतः आणि आईवडिलांनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी २०१६ मध्ये हॉस्पिटलमध्ये त्याला ओलान्झापिन हे सायकियाट्रीचं औषध दिलं गेलं, त्याची भयंकर रिअ‍ॅक्शन येऊन मेंदूला सूज आली आणि तो गेला. त्याच्या आईवडिलांनी लढून लढून इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्यात ही गोष्ट आणली की आरोग्यसेवेतल्या स्टाफला ऑटिझमचं ट्रेनिंग मिळालंच पाहिजे, आणि त्या ट्रेनिंगला त्याचंच नाव दिलंय. तेव्हा कुठल्याही औषधाने तुला पूर्वी त्रास झाला असेल तर ते औषधाचं नाव आणि काय झालं ते त्या कागदावर लाल पेनने लिही.

सोबत कोण आहे. हा प्रश्न एकट्या राहणाऱ्या कुणालाही छळतो, पण तुझ्या बाबतीत तर त्यांनी तुझ्याशी बोलणंच टाळण्यासाठी तो वापरला असं मला वाटतं. तू सज्ञान आहेस, तुझ्या उपचाराला संमती तूच द्यायची, सही तुझीच. ऑटिझम आहे म्हणून तो हक्क जात नाही, दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये कायदेशीर क्षमता इतरांसारखीच असल्याचं स्पष्ट लिहिलंय, आणि आईवडील सुद्धा १८ नंतर आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. हे कायद्याचं झालं. व्यवहारात मात्र आपल्याकडे औषधं खालच्या मेडिकलमधून आणायला, डिपॉझिट भरायला, रक्ताची बाटली लॅबला पोचवायला माणूस लागतोच लागतो, ही व्यवस्थाच तशी आहे. म्हणून शांत असतानाच एकदोन माणसं ठरवून ठेव, रक्ताचं नातं असायची गरज नाही, ती मैत्रीण आहे ना जिने तुला दुसऱ्या दिवशी नेलं, तिच्याशी बोल. तिला सांगून ठेव की तिने तुझ्या वतीने उत्तरं द्यायची नाहीत, डॉक्टर तिच्याकडे बघून बोलायला लागले की म्हणायचं, तिलाच विचारा, ती टाइप करून सांगेल. आणि तुझा फोन लागला नाही किंवा नुसता ठरलेला एक मेसेज आला तरी रात्री दोन वाजता पण निघायचं.

टाइप करण्यावरून आठवलं, तोंडाने बोला ना असं म्हणणाऱ्या कुणालाही हे सांगायला हवं की त्याच २०१६ च्या कायद्यात संवादाची व्याख्या दिलीय आणि लिहून दाखवणं, स्क्रीनवरचा मजकूर, बोलण्याला पर्यायी साधनं हे सगळं त्यात संवाद म्हणूनच धरलंय. तू टाइप करत होतीस म्हणजे तू बोलत होतीस.

कान आणि डोळ्यांचं बघ, इअरप्लग किंवा हेडफोन, टोपी, स्वतःची ओढणी, हे एका पिशवीत कायम भरून ठेव. कोपऱ्यातला बेड आणि पडदा मागायला लाजू नकोस. बीपीचा पट्टा मशीनला लावून ठेवला तर तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप आवळतो, ते माहीत असलं की दचकायला होत नाही, किती मिनिटांनी लावलाय ते सिस्टरला विचार. सुई टोचण्याआधी बधिर करायचं क्रीम मिळतं पण त्याला तासभर लागतो, तातडीचं असेल तेव्हा त्याची वाट बघू नये.

आणि घरी जा म्हणाले तर? ही जागा सगळ्यात महत्त्वाची, तुझ्या बाबतीत इथेच घात झाला. «बरं नाही वाटलं तर या» हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही आणि ज्याला बरं न वाटणं म्हणजे नेमकं काय हेच ओळखायला कठीण जातं त्याच्या तर अजिबातच नाही. तेव्हा दोन गोष्टी मागायच्या, टाइप करून मागायच्या. एक, पोटदुखीची कुठली कुठली कारणं तुम्ही तपासून बाजूला ठेवलीत, रक्त आणि सोनोग्राफी का नको ते सांगा. दोन, कोणती लक्षणं दिसली की मी परत यायचं आणि किती तासांत, ते केस पेपरवर लिहून द्या. हे लिहायला लागलं की डॉक्टरसुद्धा परत एकदा विचार करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हे वाचणाऱ्यांत डॉक्टर, सिस्टर आहेत, मेसेज येतात मला. तुमच्यासाठी इथेच लिहिते. नवीन मशीन लागत नाही, बजेट लागत नाही. पेशंटने ऑटिझम सांगितला की केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात «टाइप करून बोलते, हात लावण्याआधी सांगा» एवढं लिहा आणि ड्युटी बदलताना हँडओव्हरमध्ये तोंडाने सांगा, नाहीतर सकाळी आठला नवीन माणूस येतो आणि पेशंटला सगळं परत पहिल्यापासून. एका वेळी एकानेच बोला. प्रश्न विचारलात की गप्प राहा, आपल्याला ती शांतता फार लांब वाटते पण तिकडे उत्तर तयार होत असतं, मध्येच दुसरा प्रश्न टाकला की पहिलं उत्तर पुसलं जातं. «जरा इकडे या का?» नको, «या खुर्चीवर बसा» असं सरळ सांगा. «थोडंसं टोचेल, पटकन होईल» ऐवजी «आता दंड बांधतेय, मग सुई, मग पट्टी» असं क्रमाने सांगा आणि मग तसंच करा. आणि चेहरा शांत आहे म्हणून पोट दाबून बघायचं टाळू नका प्लीज. दाबताना दुखतंय का, की दाबलेला हात काढून घेताना जास्त दुखतंय, हे चेहऱ्यावर न शोधता शब्दांत विचारा, नुसतं हो किंवा नाही म्हणायला बोटाने खूण करायला सांगितली तरी पेशंट उत्तर देईल.

तुझ्या कार्डाच्या प्रश्नाकडे येते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे तू म्हणतेस ते दिव्यांग कार्ड, काढ असं माझं मत आहे. ऑटिझम २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी, टक्केवारी, हेलपाटे हे होईल, मोठ्या माणसाला आणि त्यातून चांगली नोकरी करणाऱ्या बाईला «तुम्हाला काय झालंय» असंही ऐकावं लागेल, ते मी लपवत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खाजगी दोन्ही हॉस्पिटलांतले अडथळे दूर करायचे आणि दिव्यांग पेशंटला तपासणीत, उपचारात प्राधान्य द्यायचं ही जबाबदारी शासनावर टाकलीय, आणि ते मागताना हातात कार्ड असलं तर वाद कमी होतो. दाखवायचं की नाही ते दरवेळी तू ठरव. वेडी समजतील ही भीती मला कळते गं, पण त्या रात्री तू काहीच दाखवलं नव्हतंस तरी अँक्झायटी म्हणून मोकळे झालेच ना ते? काही न सांगता गैरसमज होणारच असतील तर सांगून, लिहून, शिक्क्यासकट सांगून बघू या.

तक्रार कर. आधी त्या रात्रीचा केस पेपर आणि सगळ्या नोंदींच्या कॉपीज लेखी अर्ज देऊन माग, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असा डॉक्टरांसाठीचा २००२ पासूनचा नियम आहे. मग मेडिकल सुपरिंटेंडेंटला पत्र, दोन पानांच्या आत, किती वाजता काय झालं एवढंच. दुसऱ्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जोड, त्यात अपेंडिक्स फुटल्याचं असेलच. आणि शेवटी काय हवंय ते लिही, म्हणजे नुसती माफी नको, कॅज्युअल्टीच्या स्टाफला ट्रेनिंग आणि केस पेपरवर संवादाची गरज लिहायची एक ओळ, असं मोजता येईल असं काहीतरी. महिनाभरात उत्तर नाही आलं तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तिकडे अर्ज दे. दमली असशील तर लगेच नको करूस, कॉपीज मात्र आत्ताच मागून ठेव.

आणि तू जाशील का तुलाच माहीत नाही म्हणालीस त्यावर. त्या क्षणी मनात वाद घालायला नको म्हणून आत्ताच ठरवून टाकायचं. छातीत दाब, श्वास पुरत नाही, चक्कर येऊन पडणं, एका बाजूचा हातपाय लुळा, फिट, थांबत नाही असं रक्त, यातलं काहीही झालं की १०८. पोटाचं म्हणशील तर काही तासांत कमी न होता वाढत जाणारं दुखणं, सोबत ताप किंवा सारख्या उलट्या, चालताना किंवा गाडीच्या धक्क्याला जास्त दुखणं, पोट फळीसारखं कडक, यातलं काहीही असलं की निघायचं, १ ते १० मध्ये किती याचा विचार न करता. ही यादी फ्रिजवर लाव आणि मैत्रिणीलाही पाठव. कागदाचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवून दे, इंग्रजी बाजू मी बघून देते, कॅज्युअल्टीत कुठले शब्द चालतात ते मला माहितीय.